चार दहाची संमती

तक्रार तशी किरकोळ होती. माझ्या टेबलावर अशा रोज दहा-पंधरा येतात. "माझी आई जाऊन चौदा महिने झाले. तिच्या आवडीच्या म्हणून अजून जाहिराती येतात, त्या बंद कराव्यात." खाली मुलीची सही होती. मुलगी दातांची डॉक्टर होती, तरी अक्षर सुवाच्य होतं, म्हणून मी तो कागद आधी उचलला.

माझं काम एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. कंपन्यांना माणसाच्या आवडीनिवडी टिपून त्याला जाहिराती दाखवायच्या असतील, तर आधी त्याला विचारावं लागतं. त्याने हो म्हणायला हवं, आणि हो म्हणणं जितकं सोपं, तितकंच नाही म्हणणं सोपं असायला हवं. कंपन्या हे पाळतात का, ते बघायला सरकारने आम्हाला बसवलंय. कार्यालयात मला माझ्यामागे चिकटपट्टी म्हणतात. माझ्यासमोर म्हटलं तरी माझी हरकत नाही.

कंपनीचं उत्तर आठ दिवसांत आलं. संबंधित बाईंची संमती वैध आहे, ती दर दोन महिन्यांनी नव्याने घेतली जाते, आणि शेवटचा होकार पाच आठवड्यांपूर्वी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विचारलेल्या प्रश्नाला, त्यांच्याच टॅबलेटवरून मिळालेला आहे. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले की घरातलं कुणीतरी बटण दाबत असणार, मिटवून टाका फाइल. तेही बरोबरच होतं. पण मेलेल्या माणसाचा होकार 'वैध' म्हणून कंपनीने सहीशिक्क्यानिशी पाठवला होता, आणि ते काही माझ्या घशाखाली उतरेना. मी मुलीला फोन केला आणि सांगितलं की टॅबलेट बघायला येते.

घर तळमजल्यावर होतं. दारातून आत एक लांब, अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला आईची खोली. डॉक्टरीणबाईंनी मला दारातच थांबवलं आणि चपला काढता काढता, आवाज खाली आणून सगळं सांगितलं. जाहिराती नुसत्या येत असत्या तर तिने कुणाच्या दारात पाय ठेवला नसता. त्या येत होत्या बाबांच्या मोबाइलवर, 'तुमच्या घरातल्या व्यक्तीला हे आवडेल' अशा मथळ्याखाली. आई गेल्यावर पहिल्यांदा आली जाड शालीची. मग लोकरीच्या मोज्यांची. नंतर विजेरीची, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या गमबुटांची, दोराची, वल्ह्याची. दर दोन महिन्यांनी एक नवी वस्तू, आणि बाबा ती वस्तू मागवून घेत होते. सातवी आली होती ती हवा भरायच्या छोट्या नावेची. दोन माणसांची.

"बाबांचं म्हणणं, आई तिकडे कुठेतरी अडकलीय," ती म्हणाली. "आधी थंडी, मग अंधार, मग पाणी. ती एकेक सांगतेय म्हणतात."

वस्तीच्या मागे एक जुनी दगडाची खाण होती आणि तिच्यात वर्षानुवर्षांचं पाणी साठलं होतं. दोनदा तिने बाबांना भर दुपारी तिथे काठावर गमबूट घालून उभे असताना धरून आणलं होतं. त्यांना पोहता येत नव्हतं. पुढची जाहिरात आली की निघायचं, असं त्यांनी तिला शांतपणे सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून ती दवाखाना अर्धाच वेळ चालवत होती आणि उरलेला वेळ बापावर पहारा देत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला तिची फार दया आली.

बाबा खोलीतच बसले होते. हा माणूस खुळा नव्हता, हे त्यांच्याशी दोन मिनिटं बोलल्यावर कुणालाही कळलं असतं. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलं होतं. हातावर वंगणाचे डाग अजून होते. पायाशी एक पिशवी भरून ठेवलेली. मी नियम समजावून सांगितला. माणूस गेला तर त्याची संमती वारस मागे घेऊ शकतो, काकूंनी वारस म्हणून तुमचं नाव दिलंय, एक सही केलीत की सगळं थांबेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली किती माणसं काढली असतील मी," ते म्हणाले. "आतून आवाज येतो. आपण बाहेरून म्हणतो, घाबरू नका, मी येतोय. आणि तुम्ही मला सांगता, तो आवाजच बंद कर म्हणून?"

मी टॅबलेट उचलला. खिडकीशी टेबल होतं, टेबलाशी एक खुर्ची, आणि टॅबलेटवर धुळीचा थर. तो सुरूच होईना. चार्जर कधीचा हरवला होता. मी मुलीला बाजूला घेतलं आणि बाबाच हो दाबत असतील का, असं विचारून पाहिलं. तिचा तोही विचार करून झाला होता. मध्ये पूर्ण दोन महिने तिने टॅबलेट दवाखान्याच्या खणात कुलपात ठेवला होता आणि किल्ली गळ्यात घालून फिरली होती. त्या दोन महिन्यांतही एक हो नोंदला गेला होता. त्यानंतरच वल्ह्याची जाहिरात आली.

मी निघाले. बोळातून चालताना उगाचच मागे वळून पाहावंसं वाटत होतं, आणि मी पाहिलं नाही.

आता माझी एक सवय सांगते, तिच्यावरून कार्यालयात पुष्कळ थट्टा होते. कंपनीकडून मी नुसता हो किंवा नाही मागत नाही. त्या पानावर बोट कुठे कुठे टेकलं, ते सगळं मागते. मग ते ठिपके ट्रेसिंग पेपरवर उतरवते आणि तो कागद पानाच्या छापील चित्रावर ठेवून बघते. माणूस गोंधळला कुठे, त्याला फसवलं कुठे, ते ठिपके सांगतात. कंपनीच्या वकिलाने आधी हात झटकले, पण मी रोज सकाळी साडेदहाला त्याला फोन करू लागले, तेव्हा पाचव्या दिवशी त्यांच्या इंजिनिअरने कागद पाठवले.

सात होकार होते. प्रत्येक वेळी चार दहाला प्रश्न उघडला होता, आणि शेवटी एकदा, पानाच्या मध्यावरच्या मोठ्या निळ्या 'हो'वर बोट टेकलं होतं. पण त्याआधी दुसरेच ठिपके होते. पहिल्या वेळी बावीस. दुसऱ्या वेळी साठ. सातव्या वेळी तीनशे चाळीस. सगळे डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, एकावर एक. मी ट्रेसिंग पेपर पानावर ठेवला. त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, नुसती पांढरी जागा.

मी बराच वेळ बघत बसले. मग काहीतरी सुचलं आणि कपाटातून याच कंपनीची दोन वर्षांपूर्वीची फाइल काढली. तेव्हाचं पान वेगळं होतं. तेव्हा हो उजवीकडे होतं, आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात, तेवढ्याच आकाराचं, 'नाही'. नंतर कंपनीने ते तिथून उचलून चार पानं आत, बारीक करड्या अक्षरांत नेऊन टाकलं होतं. मी ट्रेसिंग पेपर जुन्या पानावर ठेवला. सगळेच्या सगळे ठिपके त्या 'नाही'वर बसले. एकसुद्धा बाहेर गेला नाही.

मी लगेच मुलीला फोन केला आणि विचारलं, आईला डोळ्यांनी नीट दिसायचं का? ती म्हणाली, काचबिंदू होता, शेवटची चार वर्षं फक्त उजेड तेवढा कळायचा. टॅबलेट बोटाच्या सवयीने चालवायची. दुपारी उठली की खुर्चीवर बसून गाणी लावायची. मध्ये कुठलाही प्रश्न आला की खाली डावीकडे टिचकी मारायची. कुणी काही विचारलं की आधी नाही म्हणून टाकावं, हवं असेल तर मागून हो म्हणता येतं, असं तिचं म्हणणं होतं. सांगता सांगता मुलगी हसली.

तो प्रश्न मी तोवर धड वाचला नव्हता. असे प्रश्न वाचून वाचून माझं मन बधिर झालंय. आता वाचला. 'आपल्या आवडीनिवडींच्या आधारे घरातील इतर व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची आम्हाला परवानगी देता का?' 

दर दोन महिन्यांनी तिला हे विचारलं जात होतं, आणि ती आंधळी बाई त्या कोपऱ्यात बोट आपटून नाही, नाही म्हणत होती. शेवटच्या वेळी चाळीस मिनिटं. मग थकून, पान मिटावं म्हणून, हाताला लागेल ते दाबत होती. आणि तेवढा एक होकार उचलून नवऱ्याला पुढची वस्तू दाखवली जात होती. तिला तो तिकडे नको होता. अगदी पहिल्या दिवसापासून नको होता.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला. जिवंत माणसांना फसवण्यासाठी लपवलेलं बटण, आणि त्याच्यामागे एक मेलेली बाई चौदा महिने चाचपडत होती. पुढच्या प्रश्नाला अकरा दिवस उरले होते.

मी आदेश लिहून साहेबांपुढे ठेवला. 'नाही' पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या आकारात परत बसवावं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "हे एका मयत बाईसाठी?"

"नियमात वापरणाऱ्या व्यक्तीचा हक्क म्हटलंय, साहेब. ती जिवंत असावी असं कुठे म्हटलेलं नाही."

त्यांनी सही केली, पण कंपनीला तीस दिवसांची मुदत द्यावी लागते, हेही सांगितलं. वकिलाने अर्थातच तीस दिवस मागितले. मग मी सरळ इंजिनिअरला गाठलं आणि विनवलं की सगळ्यांसाठी तीस दिवस घ्या, या एका टॅबलेटसाठी तेवढं आत्ता करा. मला वाटलं होतं तो टोलवाटोलवी करेल. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ते ठिपके मीच काढून दिलेत… करतो मी."

त्या दिवशी मी साडेतीनलाच पोचले. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या घरावर रंगाचं काम चाललं होतं, रंगारी शिडीवरून एकमेकांना हाका मारत होते. खोलीत मात्र गारवा होता. बाबा तयार होऊन बसले होते, पायात गमबूट, मांडीवर पिशवी, नाव तिच्यात घडी करून. मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली. मी ट्रेसिंग पेपर आणि दोन्ही पानं बाबांसमोर टेबलावर मांडली.

त्यांच्याशी कसं बोलायचं, हे मी वाटेत ठरवलं होतं. "काका, लिफ्टमध्ये माणूस अडकला, की तो घंटीचं बटण दाबतो. बरोबर? हे बटण इथे होतं. कंपनीने ते काढून टाकलं आणि काकूंना सांगितलं नाही. त्या मोकळ्या पत्र्यावर बोट आपटत राहिल्या. तीनशे चाळीस वेळा. हे बटण 'ये' म्हणायचं नाही, काका. 'नको येऊ' म्हणायचं आहे."

त्यांनी कागद उचलून उजेडात धरला. बटणांच्या फळ्या बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. तरी ते म्हणाले, "हे तुमचं गणित झालं. ती काय म्हणते ते मला बघू दे."

"बघा," मी म्हटलं. "आज बटण जागेवर आहे. त्यांनी हो म्हटलं, तर मी तुम्हाला अडवणार नाही."

मुलीने चमकून माझ्याकडे पाहिलं. हे म्हणायचा मला काय अधिकार होता? पण मागे घेतलं नाही.

चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. रंगाऱ्यांच्या हाका हळूहळू लांब गेल्या, जणू ते घरच कुणी उचलून पलीकडे नेलं. मग वास आला. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, वर्षानुवर्षं न हललेल्या पाण्याचा. मुलीने तोंडावर हात ठेवला. टेबलासमोरची खुर्ची रिकामी होती… आणि तिचं लाकूड एकदा करकरलं. वजन पडल्यावर करकरतं तसं.

टॅबलेट उजळला. चार्जर नसलेला, वर्षभर बंद असलेला टॅबलेट. पांढरं पान, मध्ये तो प्रश्न, उजवीकडे हो, आणि डाव्या कोपऱ्यात… होतं. इंजिनिअरने शब्द पाळला होता.

काचेवरच्या धुळीत एक ओला ठिपका उमटला. बोटाच्या टोकाएवढा. कोपऱ्याजवळ आला आणि थांबला. किती तरी वेळ तिथेच थरथरत राहिला. इतक्या वेळा फसल्यावर तिला विश्वास बसत नसावा. बाबा पुढे वाकले आणि मुलाला चालायला शिकवताना बोलतात तशा आवाजात म्हणाले, "आहे गं… तिथेच आहे. दाब."

ठिपका खाली टेकला. 'नाही' गडद झालं. ती ते दाबून धरून राहिली, सोडायची तिची तयारी नव्हती. मग पान मिटलं आणि काच काळी झाली. वास गेला. समोरचा रंगारी कुणाला तरी ब्रश मागत होता.

बाबा खाली वाकून गमबूट काढायला लागले. एक निघाला, दुसरा निघेना, तेव्हा मुलगी खाली बसली आणि तिने तो ओढून काढला. "नको म्हणाली," ते म्हणाले. "मला किती वेळ लागला कळायला." मग ते रडले, आणि मुलगी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मी कागद गोळा केले आणि बोळात जाऊन उभी राहिले. मलाही रडू येत होतं, आणि सरकारी कामावर असताना ते बरं दिसत नाही.

वारस म्हणून बाबांनी त्याच संध्याकाळी सही केली. खातं पुसलं गेलं, जाहिराती थांबल्या. घर बंद करून ते मुलीकडे राहायला गेले. तिच्या दवाखान्यातली रुग्णाची खुर्ची वरखाली होताना आवाज करायची, तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात घालवला. हवेची नाव त्यांनी स्वतः कापून टाकली. मी फाइलवर 'संमती मागे घेतली, प्रकरण बंद' असं लिहिलं. इतकं समाधान मला नोकरीत क्वचितच मिळालंय.

तीन आठवड्यांनी इंजिनिअरचा फोन आला. कामाचा नाही, स्वतःच्या मोबाइलवरून. म्हणाला, तुम्हाला सांगावं की नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

खातं पुसलेलं होतं. त्या टॅबलेटला प्रश्न पाठवणं बंद केलं होतं, त्याने स्वतः तीनदा तपासलं होतं. तरी उत्तरं येत होती. दोन महिन्यांनी नाही, रोज. रोज चार दहाला, त्याच कोपऱ्यात, 'नाही'. एकामागून एक, सावकाश, ठाम. काल एकशे बारा आली होती.

"सगळी 'नाही'च आहेत ना?" मी विचारलं.

"आत्तापर्यंत… सगळी."

मी त्याला सांगितलं, काहीही झालं तरी ते बटण त्या जागेवरून हलवायचं नाही. उद्या मालक बदलले, पान बदललं, तरी नाही. हलवलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. तो म्हणाला, नाही हलवणार. मग मी फाइल पुन्हा उघडली आणि त्याने पाठवलेला नवा तक्ता तिच्यात लावला. रोज चार दहाला मी हातातलं काम थांबवते आणि आकडा यायची वाट बघते. सगळी 'नाही' असली की कागदावर सही करते.

तक्त्यात चार रकाने आहेत. दिवस, वेळ, उत्तर, आणि प्रश्न कुणी पाठवला. चौथ्या रकान्यात पूर्वी कंपनीचं नाव यायचं. आता तिथे काहीच येत नाही. इंजिनिअर म्हणतो, प्रश्न पाठवणारा नसेल तर उत्तराची ओळच तयार होऊ शकत नाही, त्यांची यंत्रणा तशी बनवलेलीच नाही. आज दोनशे चाळीस ओळी आल्या आहेत.